लघु अणुभट्ट्या आणि अमेरिकेचे परदेशी साहाय्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘फर्स्ट’ कार्यक्रम म्हणजे नेमके काय?

लघु मॉड्युलर अणुभट्टीचा (एसएमआर) विचार करणाऱ्या देशांना पूर्वतयारीत मदत करणारा हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा कार्यक्रम आहे. तो एप्रिल २०२१ मध्ये ५३ लाख डॉलरच्या सुरुवातीच्या निधीनिशी जाहीर झाला. परराष्ट्र खात्यातला जो विभाग अण्वस्त्रप्रसार रोखण्याचे काम पाहतो, त्याच्याकडे हा कार्यक्रम आहे. ऊर्जा किंवा व्यापार विभागाकडे तो नाही, आणि त्यावरूनच त्याचा हेतू कळतो. भट्टी विकली जावी ही अमेरिकेची इच्छा आहेच. पण सुरक्षितता, संरक्षण आणि अण्वस्त्रप्रसारबंदी या तिन्ही बाबतींत विकत घेणारा देश कच्चा राहू नये, ही त्याआधीची अट आहे.

मदत कोणत्या स्वरूपात मिळते? तज्ज्ञांच्या भेटी, कार्यशाळा, अभ्यासदौरे, कायद्याच्या मसुद्यावरचे अभिप्राय, व्यवहार्यता अभ्यास, विद्यापीठांशी सहकार्य, नियंत्रण कक्षाचे सिम्युलेटर. जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा आणि ब्रिटन हे देशही काही कामांत सोबत असतात. रुमानियात बुखारेस्टच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात २०२३ मध्ये न्यूस्केल या अमेरिकन कंपनीच्या भट्टीच्या रचनेचा सिम्युलेटर सुरू झाला. घानाला आफ्रिकेसाठी प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र म्हणून उभे करण्याचे कामही याच धोरणातले.

या पैशातून अणुभट्टी मिळते का?

नाही. एका लघु अणुवीज प्रकल्पाचा खर्च काही अब्ज डॉलरच्या घरात जातो आणि फर्स्टचा निधी लाखांत आणि फार तर थोड्या कोटींत मोजला जातो. या पैशातून माणसे, कायदे आणि अहवाल तयार होतात.

मग भट्टीचा पैसा कोणत्या खिडकीवर मिळतो?

खिडक्या चार आहेत आणि प्रत्येकीचा टप्पा वेगळा आहे. अनेक मंत्रालये नेमकी इथे गोंधळतात.

पहिली परराष्ट्र खात्याची: फर्स्ट आणि त्याची भावंडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अशा क्षमताबांधणीसाठी अडीच कोटी डॉलरचे पॅकेज जाहीर झाले होते. दुसरी व्यापार आणि विकास संस्था, म्हणजे यूएसटीडीए. ती प्रकल्पाच्या अभ्यासासाठी अनुदान देते. रुमानियातल्या दोइचेश्ती या लघु अणुभट्टी प्रकल्पाच्या प्राथमिक अभियांत्रिकी अभ्यासासाठी २०२२ मध्ये १.४ कोटी डॉलर जाहीर झाले, ते इथूनच. तिसरी निर्यात-आयात बँक, एक्झिम. अमेरिकन यंत्रसामग्री घेणाऱ्याला ती कर्ज किंवा हमी देते. चौथी विकास वित्त संस्था, डीएफसी. अणुऊर्जा प्रकल्पांना पैसा न देण्याचा तिचा जुना नियम २०२० मध्ये उठला. दोइचेश्तीसाठी एक्झिम आणि डीएफसी यांनी मिळून ४०० कोटी डॉलरपर्यंतच्या साहाय्याची इरादापत्रे दिली.

इरादापत्र हे कर्ज नव्हे, हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. त्यात बँक एवढेच म्हणते की अर्ज आला, छाननीत टिकला, तर विचार करू. पर्यावरण अभ्यास, आर्थिक छाननी, वीजखरेदी करार आणि सार्वभौम (म्हणजे देशाच्या सरकारची) हमी हे सगळे त्यानंतरचे. त्या आकड्यावर अर्थसंकल्पात तरतूद मांडणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

लघु म्हणजे किती लहान?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) ३०० मेगावॉट विद्युतक्षमतेपर्यंतच्या भट्टीला लघु म्हणते. न्यूस्केलचे एक मॉड्यूल, म्हणजे केंद्रात ओळीने बसवायची एक छोटी भट्टी, ७७ मेगावॉटचे असते, तर बीडब्ल्यूआरएक्स-३०० या दुसऱ्या रचनेचे एकच युनिट ३०० मेगावॉटचे. रशियाच्या ‘अकादेमिक लोमोनोसोव’ या तरंगत्या केंद्रात ३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या आहेत आणि ते २०२० पासून पेवेक बंदराला वीज देते. चीनमधल्या शिदाववानच्या भट्टीने २०२३ च्या अखेरीस व्यावसायिक उत्पादन सुरू केले. बाकी बहुतेक रचना अजून कागदावर किंवा बांधकामात आहेत. विक्रेत्याच्या सादरीकरणात ‘सिद्ध तंत्रज्ञान’ असे शब्द आले की कुठे, कधीपासून, किती तास चालले, हे विचारा.

सुरुवात कुठून करायची?

आयएईएच्या टप्प्यांच्या पद्धतीपासून. तिच्यात तीन टप्पे आणि १९ मुद्दे आहेत. राष्ट्रीय भूमिका, आण्विक सुरक्षितता, व्यवस्थापन, निधी, कायदेशीर चौकट, सेफगार्ड्स (अणुसामग्री शस्त्रांकडे वळत नाही याची आयएईएकडून पडताळणी), नियामक चौकट, किरणोत्सर्गापासून संरक्षण, वीजजाळे, मनुष्यबळ, लोकसहभाग, जागा, पर्यावरण, आपत्कालीन नियोजन, भौतिक संरक्षण, इंधनचक्र, किरणोत्सर्गी कचरा, स्थानिक उद्योग आणि खरेदी. फर्स्टची मदतही याच चौकटीत बसवलेली असते. त्यामुळे मागणी करताना ‘आम्हाला प्रशिक्षण हवे’ असे मोघम न लिहिता कोणत्या मुद्द्यात कोणती उणीव आहे ते लिहावे.

पहिला टप्पा विचाराचा. त्याच्या शेवटी देश समजून-उमजून निर्णय घेऊ शकतो. दुसऱ्याच्या शेवटी निविदा काढण्याची किंवा करार करण्याची तयारी असते, तिसऱ्याच्या शेवटी केंद्र चालू करण्याची. शून्यापासून वीजनिर्मितीपर्यंत साधारण १० ते १५ वर्षे धरतात. संयुक्त अरब अमिरातीने धोरण २००८ मध्ये जाहीर केले, बांधकाम २०१२ मध्ये सुरू केले आणि बराका अणुकेंद्राचे पहिले युनिट व्यावसायिकरीत्या २०२१ मध्ये चालू झाले. हाताशी पैसा आणि अनुभवी कोरियन कंत्राटदार असूनही १३ वर्षे लागली. भट्ट्या मोठ्या होत्या हे खरे, पण त्यातली पहिली चार वर्षे कायदा, नियामक आणि जागा यांत गेली. भट्टी लहान म्हणून ती वर्षे आपोआप वाचत नाहीत.

या सगळ्याचा मेळ घालायला एक समन्वय यंत्रणा लागते. ती ऊर्जा मंत्रालयाच्या एका टेबलावर बसवून चालत नाही. अर्थ, परराष्ट्र, पर्यावरण, गृह, शिक्षण आणि वीज कंपनी यांना बांधून घेण्याएवढा अधिकार तिला हवा. तयारी कितपत झाली हे तपासायला आयएईएचे परीक्षण पथक बोलावता येते. एस्टोनियाने ते ऑक्टोबर २०२३ मध्ये बोलावले आणि जून २०२४ मध्ये संसदेत अणुऊर्जेच्या बाजूने ठराव केला. क्रम असा असावा.

भट्टी लहान, मग नियामक संस्थाही छोटी चालेल ना?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि चुकीच्या उत्तराची किंमतही इथेच सगळ्यात जास्त असते.

भट्टी १०० मेगावॉटची असो की १००० ची, नियामकाला गाभ्याचे भौतिकशास्त्र, उष्णता आणि प्रवाहाचे गणित, साहित्यशास्त्र, भूकंप अभियांत्रिकी, नियंत्रणप्रणाली, सायबर सुरक्षा, किरणोत्सर्ग संरक्षण, मानवी घटक आणि कायदा या सगळ्या विषयांत स्वतःचे मत हवे. प्रत्येक विषयाला निदान दोन माणसे धरा. एकच असेल आणि त्याला विक्रेत्याने दुप्पट पगारावर उचलले, तर तो विषय रिकामा पडतो. हे सतत घडते. म्हणून नियामकाची वेतनश्रेणी सर्वसाधारण सरकारी श्रेणीपासून वेगळी करण्याची तरतूद कायद्यातच हवी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रुग्णालयांची क्ष-किरण यंत्रे आणि औद्योगिक स्रोत तपासणाऱ्या जुन्या कार्यालयावर ‘अणुवीज’ ही पाटी लावणे. ती माणसे त्यांच्या कामात वाकबगार असतात, पण एखाद्या भट्टीचा सुरक्षितता अहवाल वाचणे हे निराळे काम आहे. तिसरी चूक स्वातंत्र्याची. नियामक त्याच मंत्र्याला जबाबदार, ज्याच्यावर भट्टी वेळेत उभी करण्याची जबाबदारी आहे. मग नकार द्यायचा कोणी? आण्विक सुरक्षितता करारात या दोन कामांची फारकत सांगितलेली आहे. कागदावर बहुतेक देश ती करतात, पण अर्थसंकल्प आणि नेमणुका त्याच मंत्रालयाच्या हातात ठेवतात.

फर्स्टच्या पैशाचा सर्वांत चांगला उपयोग इथे होतो. नव्या अभियंत्यांना दोन आठवड्यांच्या परिसंवादाला धाडण्यापेक्षा अनुभवी नियामकाच्या कार्यालयात सहा महिने ते वर्षभर, एखाद्या खऱ्या परवाना-अर्जावर काम करायला बसवा. परिसंवादाचे प्रमाणपत्र मिळते, पण ‘हे गणित मला पटले नाही, पुन्हा करून पाठवा’ असे पत्र कसे लिहायचे ते तिथे शिकता येत नाही. आणि परतल्यावर किमान काही वर्षे नोकरीत राहण्याचा करार आधीच करून घ्या.

अमेरिकेने मंजूर केलेली रचना आम्ही पुन्हा का तपासायची?

सगळी पुन्हा तपासू नका, पण डोळे झाकून स्वीकारूही नका. न्यूस्केलच्या पहिल्या रचनेचा अर्ज सुमारे १२,००० पानांचा होता. तो २०१६ च्या अखेरीस दाखल झाला, तांत्रिक छाननी २०२० मध्ये संपली आणि प्रमाणपत्र जानेवारी २०२३ मध्ये मिळाले. तेही ५० मेगावॉटच्या मॉड्यूलला. ७७ मेगावॉटच्या रचनेला वेगळी मंजुरी लागली, ती मे २०२५ मध्ये मिळाली. विक्रेता नेमकी कोणती आवृत्ती देतो आहे आणि मंजुरी कोणत्या आवृत्तीला आहे, हे पहिल्याच बैठकीत लेखी घ्या.

एवढी छाननी नवख्या नियामकाने शून्यापासून करणे अशक्य आहे आणि व्यर्थही. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन यांच्या नियामकांनी मार्च २०२४ मध्ये प्रगत भट्ट्यांच्या छाननीत सहकार्याचा त्रिपक्षीय करार केला. अशा कामाचे अहवाल मागवा आणि आपला वेळ तीन गोष्टींवर घालवा: आपल्या जागेचा भूकंप, पूर आणि तापमान मूळ रचनेच्या गृहीतकांत बसते का, आपल्या ग्रिडचे व्होल्टेज आणि वारंवारता किती हलते, आणि चालवणाऱ्या संस्थेची कुवत. मूळ छाननीत या तिन्हींची उत्तरे मिळणार नाहीत. परवान्याची सही शेवटी तुमच्याच नियामकाची असते.

‘१२३ करार’ आधी की साहाय्य आधी?

फर्स्टची बरीचशी मदत करार नसतानाही मिळते. पण भट्टी, तिचे मुख्य भाग किंवा इंधन अमेरिकेतून आणायचे, तर १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम १२३ खालचा करार लागतोच. त्यात अण्वस्त्रप्रसारबंदीच्या नऊ अटी असतात आणि तो अमेरिकी काँग्रेससमोर ठरावीक काळ ठेवावा लागतो. फिलिपिन्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये सही केली आणि करार जुलै २०२४ मध्ये लागू झाला. सही होण्याआधीची बोलणी वेगळी. मे २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात असे किमान २० नवे करार करण्याचे उद्दिष्ट दिले आहे, त्यामुळे सध्या रांग लांब आहे.

करार झाला म्हणजे संपले असेही नाही. तांत्रिक माहिती देण्यासाठी विक्रेत्याला ऊर्जा खात्याची ‘भाग ८१०’ खालची परवानगी लागते. काही देशांना ती सरसकट आहे, इतरांना प्रत्येक वेळी वेगळी. प्रत्यक्ष उपकरणांच्या निर्यातीचा परवाना एनआरसी, म्हणजे अमेरिकेची अणुनियामक संस्था, देते. हे विसरल्यामुळे व्यवहार्यता अभ्यास अडल्याची उदाहरणे आहेत: सल्लागार नेमला, पैसे मंजूर झाले, आणि भट्टीची आकडेवारी मिळेना, कारण ८१० चा अर्जच केलेला नव्हता.

सेफगार्ड्सचे काम कधी सुरू करायचे?

बांधण्याचा निर्णय होताच. अणुसामग्री जवळपास नसलेल्या बऱ्याच देशांनी आयएईएशी ‘अल्प प्रमाण’ जोडकरार केलेला असतो, त्यामुळे त्यांची बहुतेक नोंदींतून सुटका असते. भट्टी बांधायची ठरली की ही सवलत सोडावी लागते. रचनेची माहिती आयएईएला बांधकामाच्या निर्णयाबरोबरच द्यायची असते, इंधन आल्यावर नव्हे. कॅमेरे, मोहरा (सील), केबलचे मार्ग आणि तपासनीसांना जायची वाट हे आराखड्यातच बसवले तर स्वस्त पडते. नंतर काँक्रीट फोडावे लागते.

रचनेनुसार काम बदलते. पाण्याने थंड होणाऱ्या भट्टीत इंधनजुड्या एकेक करून मोजता येतात. गोट्यांच्या इंधनाच्या भट्टीत हजारो गोळे सतत आत-बाहेर होत असतात आणि हिशोबाची पद्धतच निराळी लागते. आठ किलो प्लुटोनियम ही आयएईएची ‘लक्षणीय मात्रा’ आहे, म्हणजे एवढे गहाळ झाले तर अण्वस्त्र बनण्याची शक्यता नाकारता येत नाही. हिशोबातली ढिलाई किती परवडते याचा अंदाज त्यावरून येईल.

आमचे वीजजाळे लहान आहे. चालेल?

ढोबळ नियम असा की एकच युनिट ग्रिडच्या क्षमतेच्या १० टक्क्यांहून मोठे नसावे, नाहीतर ते अचानक बंद पडल्यावर वारंवारता कोसळते. ७७ मेगावॉटचे मॉड्यूल ७७० मेगावॉटच्या ग्रिडला पेलते, हे विक्रेता आवर्जून सांगेल. सहा मॉड्यूलच्या केंद्राला बाहेर जोडणाऱ्या वाहिनीत किंवा स्विचयार्डात बिघाड झाला तर सगळी ४६२ मेगावॉट एकदम जाऊ शकतात, हे मात्र तुम्हाला विचारावे लागेल. एस्टोनियाची सर्वोच्च मागणी १५०० मेगावॉटच्या आसपास आहे. तिथे ३०० मेगावॉटचे युनिट एकट्या ग्रिडच्या नियमात बसत नाही. पण बाल्टिक देशांचे जाळे फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपच्या मुख्य जाळ्याशी समकालिक झाले, म्हणून त्यांचे गणित बदलते. बेटावरच्या देशाला ही सोय नाही.

कोळशाच्या जुन्या केंद्रात भट्टी बसवता येते का?

अमेरिकेचा ‘प्रोजेक्ट फीनिक्स’ याच प्रश्नासाठी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या उपक्रमात चेकिया, स्लोव्हाकिया आणि पोलंड यांची निवड २०२३ मध्ये झाली. अमेरिकन ऊर्जा खात्याच्या २०२२ च्या अभ्यासात अशा जागेवर बांधकामखर्चात १५ ते ३५ टक्के बचतीचा अंदाज आहे.

कामी काय येते: वाहिन्या आणि स्विचयार्ड, पाण्याचा हक्क आणि उपसा, रस्ते, रेल्वे, कार्यालये आणि मुख्य म्हणजे शिफ्टमध्ये काम केलेली माणसे. टर्बाइन बहुधा कामी येत नाही. कोळशाच्या बॉयलरची वाफ ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पाण्याच्या भट्टीची ३०० च्या खाली. जुने टर्बाइन वापरायचा दावा असेल तर भट्टी उच्च तापमानाची हवी, आणि त्या रचना परवान्यापासून जास्त दूर आहेत.

अडचणी जमिनीत निघतात. राखेच्या तलावांनी माती आणि भूजल दूषित झालेले असते आणि ते साफ करण्याचा खर्च कोणाचा यावर वाद होतो. कोळसा केंद्र अणुकेंद्राच्या भूकंप-निकषांवर निवडलेले नसते. खाणीमुळे खालची जमीन खचत असेल तर जागा बाद. भोवती गाव वाढलेले असते. म्हणून आधी खोदाई आणि भूगर्भ तपासणी, मग घोषणा.

जागेच्या अभ्यासाला इतका वेळ का?

कारण हवामान आणि भूकंप घाई ओळखत नाहीत. अमेरिकन मार्गदर्शनानुसार जागेवरच्या हवामानाच्या सलग २४ महिन्यांच्या नोंदी लागतात. त्यासाठी उभारलेल्या मनोऱ्यावरचा संवेदक बंद पडला आणि महिनाभर कोणी पाहिले नाही, तर तो काळ पुन्हा मोजावा लागतो. भूकंपमापक जाळेही लवकर बसवा. ही कामे विक्रेता ठरण्याआधी सुरू करता येतात आणि कोणतीही भट्टी घेतली तरी वाया जात नाहीत. अनुदान थोडे असेल तर मी म्हणेन, सल्लागाराच्या तिसऱ्या अहवालापेक्षा मनोरा उभा करा.

आपत्कालीन क्षेत्र कुंपणापुरतेच, हे खरे का?

अमेरिकेत मोठ्या केंद्रांभोवती सुमारे १६ किलोमीटरचे क्षेत्र असते. २०२३ च्या नियमानुसार लघु भट्ट्यांना ते अपघाताच्या गणितावरून ठरवता येते: ९६ तासांत किरणोत्सर्गाची १० मिलिसिव्हर्टहून जास्त मात्रा मिळू शकेल तेवढाच भाग. तो कुंपणाच्या आत येऊ शकतो. पण ते सिद्ध करावे लागते, गृहीत धरता येत नाही, आणि अमेरिकेचा नियम तुमच्या देशात आपोआप लागू होत नाही. क्षेत्र कितीही लहान निघाले तरी अग्निशमन दल, रुग्णालय आणि शेजारी देशाला सूचना देण्याची यंत्रणा लागतेच.

वापरलेले इंधन अमेरिका परत घेते का?

नाही. रशियाने काही करारांत, उदाहरणार्थ इराणच्या बुशेहरसाठी, ते परत घेण्याची तयारी दाखवली आहे. अमेरिकन विक्रेत्याबरोबर अशी सोय गृहीत धरू नका. सुरुवातीची काही वर्षे ते पाण्याच्या तलावात, मग कोरड्या पिंपांत, आणि पुढे कायमच्या विल्हेवाटीची योजना व निधी. प्रत्येक युनिट विजेमागे ठरावीक रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात जावी आणि ते खाते अर्थमंत्र्याला हात लावता येणार नाही असे असावे.

नव्या इंधनाचेही पाहा. न्यूस्केल आणि बीडब्ल्यूआरएक्स-३०० नेहमीचे, ५ टक्क्यांहून कमी समृद्ध युरेनियम वापरतात. अनेक प्रगत रचनांना ५ ते २० टक्क्यांचे लागते आणि त्याचा पुरवठा अगदी तोकडा आहे.

मदत घेतली तर अमेरिकनच भट्टी घ्यावी लागते का?

फर्स्टच्या प्रशिक्षणाला तशी अट नाही. यूएसटीडीए आणि एक्झिमच्या पैशाचा मात्र उद्देशच अमेरिकन निर्यात हा आहे. यात लपवालपवी नाही, पण एका विक्रेत्याच्या रचनेवर केलेला ‘व्यवहार्यता अभ्यास’ तुलना म्हणून वाचू नये. तंत्रज्ञान-निवडीची तुलना वेगळ्या पैशातून, वेगळ्या सल्लागाराकडून करून घ्या. विक्रेत्याचा धोकाही मोजा: युटाच्या वीज संस्थांसाठी आखलेला न्यूस्केलचा पहिला अमेरिकन प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला, कारण अंदाजित खर्च वाढला आणि पुरेसे वीजग्राहक जमले नाहीत. पहिलाच ग्राहक होण्याची किंमत कोण भरणार, हे करारात असावे.

दायित्वाचा कायदा इतका आधी का मागतात?

त्याशिवाय कोणताही विक्रेता एक खिळाही पाठवत नाही. अपघाताची भरपाई चालवणाऱ्या संस्थेकडेच वळवणारा आणि मर्यादा व विमा ठरवणारा कायदा लागतो. सोबत अणुअपघाताच्या दायित्वाचे आंतरराष्ट्रीय करार: व्हिएन्ना करार किंवा पूरक भरपाई करार. संसदेत याला वर्ष-दोन वर्षे सहज जातात.

अर्ज कसा करायचा?

मदत सरकारला मिळते, त्यामुळे कंपनीने किंवा विद्यापीठाने एकट्याने प्रयत्न करून उपयोग नाही. समन्वय यंत्रणेने अमेरिकन दूतावासामार्फत परराष्ट्र खात्याशी बोलणी सुरू करावीत. सोबत द्यायचे: १९ मुद्द्यांवरचे प्रामाणिक स्वमूल्यमापन, झालेल्या व न झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांची यादी, नियामकाची सध्याची माणसे विषयवार, ग्रिडचा आकडा, आणि पुढच्या दोन वर्षांत हव्या असलेल्या तीन-चार गोष्टी. निधी दर वर्षीच्या अमेरिकन अर्थसंकल्पातून येतो, म्हणून पाच वर्षांची योजना एकाच अनुदानावर टांगू नका. प्रत्येक काम स्वतंत्रपणे पुरे होईल असे तोडा. प्रशिक्षणाला पाठवायच्या व्यक्तींची नावे आधीच ठरवा. ऐनवेळी सहसचिव जातात आणि अभियंता मागे राहतो.